रेडिएशनचा नकाशा, भूकंपाचा नकाशा आणि मधे आपलं घर

भारतात सगळ्यात जास्त रेडिएशन कुठे असेल असं कुणालाही विचारून बघा. बहुतेक जण तारापूर म्हणतात, कोकणातला माणूस जैतापूर म्हणतो (तिथे अजून प्लांटच उभा राहिलेला नाही ते सोडा), आणि पेपर नीट वाचणारा एखादा झारखंडातल्या युरेनियमच्या खाणीचं, जादूगोडाचं नाव घेतो. पण माणसं जिथे पिढ्यानपिढ्या राहतायत अशा जागांचा विचार केला तर उत्तर वेगळंच येतं, केरळातल्या कोल्लम जिल्ह्याचा किनारा, म्हणजे चवरा, नींदकरा, करुनागपल्ली हा पट्टा. नारळाची झाडं, मासेमारी, घराला घर लागून वस्ती आणि पायाखालच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज, ज्यात थोरियम असतं. कुठल्या अणुभट्टीचा संबंध नाही, कसली गळती नाही, वाळूच तशी आहे. तिथल्या किनाऱ्यालगतच्या पंचायतींमध्ये घराबाहेरचं गॅमा रेडिएशन वर्षाला ४ मिलिग्रेच्या वर जातं (हे युनिट काय ते पुढे सांगतो) आणि काही ठराविक जागी तर ७० मिलिग्रेपर्यंत मोजलं गेलंय. मुंबईत हाच आकडा साधारण अर्धा मिलिग्रे.

म्हणजे मुंबईकर या एका बाबतीत तरी नशीबवान, आणि याचं श्रेय ना महापालिकेचं ना सरकारचं, ते जातं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याला. आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही कमी असतात. ग्रॅनाइटमध्ये जास्त असतात, म्हणून पुण्याहून बंगळूरला नोकरीसाठी गेलेल्या पोराचा वर्षाचा डोस त्याला न कळता थोडा वाढतो, काही बिघडत नाही त्याने, पण वाढतो. आणि हो, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू बघून कुणाला केरळ आठवलं असेल तर ती मुख्यतः इल्मेनाइटची आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम. वाळू काळी म्हणजे रेडिएशन जास्त असं काही नसतं.

तर एवढ्या मोठ्या देशाचा असा हिशोब लावतात कसा, आणि भूकंप, पूर, दरड यांचा धोका ठरवतात तो कसा, हे दोन्ही एकत्र लिहितोय कारण पद्धत आतून बरीच सारखी आहे आणि आपण वाचताना चूकही सारखीच करतो, नकाशावरचा रंग बघतो आणि तिथेच थांबतो.

आधी युनिट्सचं उरकून घेऊ कारण बातम्यांमध्ये तिथेच सगळा घोळ असतो. बेकरेल म्हणजे एखाद्या पदार्थात सेकंदाला किती अणू फुटतायत ते. ग्रे म्हणजे त्यातून निघालेली किती ऊर्जा शरीरात किंवा कुठल्याही वस्तूत शोषली गेली. सिव्हर्ट म्हणजे त्या ऊर्जेने माणसाचं किती नुकसान होऊ शकतं याचा अंदाज, कारण अल्फा कण आणि गॅमा किरण, म्हणजे अणू फुटताना बाहेर पडणाऱ्या दोन गोष्टी, यांची मारक शक्ती एक नाही आणि फुफ्फुस आणि कातडी यांची सहनशक्तीही एक नाही. 'हजारो बेकरेल सापडले' अशी हेडलाइन आली की घाबरायच्या आधी विचारायचं, किती किलोत, कुठल्या पदार्थात, आणि तो कुणाच्या पोटात जाणार आहे का. मोबाईल टॉवरचा या कुठल्याच युनिटशी संबंध नाही, त्या लहरींमध्ये अणू-रेणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकदच नसते, तो विषय वेगळा, इथे घेत नाही.

जगाची सरासरी बघितली तर माणसाला निसर्गाकडून वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातले १.२६ रेडॉन वायू श्वासातून घेतल्यामुळे, ०.४८ जमीन आणि भिंतींमधून, ०.३९ आकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमधून आणि ०.२९ अन्नपाण्यातून. कॉस्मिकचा भाग उंचीबरोबर वाढतो, त्यामुळे लेहमधला माणूस अलिबागच्या माणसापेक्षा जास्त घेतो, आणि विमानात तर तासाला काही मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. तुलनेला पोटाचा एक सीटी स्कॅन घेतला तर तो एकटाच ८-१० मिलिसिव्हर्टच्या घरात जातो.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने सामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा ठेवलीय, मग लोक म्हणतात की निसर्गातूनच २.४ मिळतायत म्हणजे आपण सगळे आधीच मर्यादेबाहेर! तसं नाहीये. ती मर्यादा प्लांट वगैरेंमुळे वरून जी भर पडेल तिच्यासाठी आहे, निसर्गाचं आणि डॉक्टरने सांगितलेल्या तपासण्यांचं त्यात धरत नाहीत.

मोजायचं कसं

सगळ्यात मोठा पट्टा एका झटक्यात बघायचा तर विमान किंवा हेलिकॉप्टरला गॅमा स्पेक्ट्रोमीटर लावून खालून येणारे किरण ऊर्जेप्रमाणे वेगळे करतात, पोटॅशियमचा ठसा १४६० केईव्हीला (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं युनिट), युरेनियमच्या साखळीचा, म्हणजे ते फुटत फुटत होणाऱ्या पुढच्या पदार्थांचा, १७६४ ला आणि थोरियमच्या साखळीचा २६१४ ला. हैदराबादचं अणुखनिज संचालनालय हे मुळात युरेनियम शोधायला करतं, पण त्याच डेटावरून खालच्या जमिनीतून किती डोस येत असेल हेही काढता येतं. दुसरा मार्ग जमिनीवरचा. भाभा अणुसंशोधन केंद्राचं देशभर मॉनिटरचं जाळं आहे, आयर्मॉन म्हणतात त्याला, पाचशेच्या वर ठिकाणी गॅमा मोजणारी यंत्रं बसवलीत आणि ती सतत आकडे पाठवत असतात. त्यांचा मुख्य उद्देश अचानक काही वाढलं तर लगेच कळावं हा, पण वर्षानुवर्षं साठलेल्या आकड्यांवरून त्या जागेचा नेहमीचा आकडा काय तेही पक्कं होतं, आणि नेहमीचं काय हे माहीत असल्याशिवाय जास्त झालं हे म्हणणार कसं? म्हणूनच अणुवीज केंद्राच्या जागी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा ही प्लांट सुरू व्हायच्या आधीच उघडतात आणि तिथली माती, पाणी, दूध, मासे सगळं आधी मोजून ठेवतात.

आता नुसता मीटरचा आकडा म्हणजे माणसाचा डोस नव्हे. समजा एखाद्या गावात बाहेर तासाला ६० नॅनोग्रे आणि घरात ८० नॅनोग्रे मिळाले. घरात जास्त कारण भिंतीही दगड-मातीच्याच, चारी बाजूंनी. वर्षाचे तास ८७६०. माणूस ८० टक्के वेळ छपराखाली असतो असं धरतात आणि ग्रेचं सिव्हर्ट करायला ०.७ ने गुणतात. घरातले आले ०.३९ मिलिसिव्हर्ट आणि बाहेरचे ०.०७. बास, एवढंच गणित आहे. पण यातला ८० टक्के हा आकडा बघा, तो ऑफिसात बसणाऱ्याला ठीक आहे, शेतात राबणाऱ्या बाईला, मेंढपाळाला, नींदकऱ्याच्या कोळ्याला तो कसा लागू पडेल? देशाचा अंदाज काढताना अशी गृहीतकं घ्यावीच लागतात, फक्त ती घेतलीत हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

रेडॉनचं काम याहून किचकट, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेशीर. युरेनियमच्या साखळीत रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन वायू होतो, त्याला रंग नाही, वास नाही, अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे जमिनीतून फटींमधून वर येऊन घरात साठायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. तो मोजायला आपल्याकडे घरांमध्ये एक छोटी डबी टांगतात, तिच्यात एलआर-११५ नावाच्या लालसर फिल्मचा तुकडा असतो. डबी भिंतीपासून लांब, पंख्याच्या थेट वाऱ्यात येणार नाही अशी टांगायची आणि तीन महिने विसरून जायचं (घरच्यांना मात्र परत परत सांगावं लागतं की हे कॅमेरा वगैरे नाही). अल्फा कण फिल्मवर आदळला की डोळ्याला न दिसणारी जखम होते. तीन महिन्यांनी फिल्म लॅबमध्ये नेऊन अडीच नॉर्मल तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ६० अंशाला दीड तास ठेवतात, त्या जखमा कोरल्या जाऊन आरपार भोकं होतात, आणि मग स्पार्क काउंटरखाली एकेका भोकातून ठिणगी उडते आणि ठिणग्या मोजल्या जातात. असं वर्षातून चार वेळा, कारण थंडीत दारंखिडक्या बंद, उन्हाळ्यात उघड्या, एका ऋतूचा आकडा वर्षाला लावला तर सगळं चुकतं.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते घरातला रेडॉन शक्यतो घनमीटरला १०० बेकरेलच्या आत असावा. सिगारेटनंतर फुफ्फुसाच्या कॅन्सरचं मोठं कारण म्हणून त्याच्याकडे बघतात आणि सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. आपल्याकडे घरं जरा मोकळीढाकळी, वारा खेळता, म्हणून थंड देशांसारखं रेडॉन साठत नाही. पण चोवीस तास एसी लावून सीलबंद फ्लॅटमध्ये राहणारी पिढी वाढतेय, जुने आकडे तिला जसेच्या तसे चालतील असं मला वाटत नाही.

पाण्यातल्या युरेनियमसाठी वेगळी मोहीम झाली, देशावर ६ किलोमीटर बाय ६ किलोमीटरची जाळी टाकून प्रत्येक चौकोनातून भूजलाचे नमुने, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, नियामक मंडळाचा ६०. पंजाबच्या माळवा भागात, बठिंड्याकडे, बोअरच्या पाण्यात याच्या वरचे आकडे मिळालेत. इथे गंमत अशी की युरेनियम म्हटलं की लोक किरणोत्साराला घाबरतात, पण पाण्यातून पोटात जाणाऱ्या युरेनियमची खरी काळजी किडनीची आहे, शिसं जसं रसायन म्हणून विषारी तसंच हे.

मग केरळच्या त्या लोकांचं काय झालं? करुनागपल्ली तालुक्यात १९९० च्या दशकात घरोघर फिरून तीन लाख पंच्याऐंशी हजार लोकांची नोंद केली, घरात आणि बाहेर मीटर लावून मोजमाप घेतलं, कॅन्सर रजिस्ट्री चालवली, आणि ३० ते ८४ वयाच्या ६९,९५८ लोकांचा सरासरी साडेदहा वर्षं माग ठेवला. २००५ अखेर त्यांच्यात १३७९ कॅन्सर सापडले, पण जास्त डोस घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर जास्त असं काही निघालं नाही. हा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. यावरून कुणी 'बघा, रेडिएशन निरुपद्रवी' असं म्हणायला लागला तर त्यालाही थांबवा, कारण थोड्या डोसचा परिणाम असलाच तर तो इतका लहान असतो की तंबाखू, खाणंपिणं, वय यांच्या गोंधळात तो वेगळा काढायला सत्तर हजार माणसंही कमी पडू शकतात. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली सगळ्यांचीच ही अडचण आहे, म्हणून नियम बनवताना डोस जेवढा तेवढा धोका असं सरळ रेषेत धरून चालतात. ती खबरदारी आहे, त्यावरून कुठल्या गावात किती जण दगावणार हे सांगायला बसू नये.

आता जमीन हलते तेव्हाचं

'देशाच्या ५९ टक्के जमिनीला मध्यम ते तीव्र भूकंपाचा धोका' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलंच असेल, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या कागदांतलंच आहे आणि बरोबरही आहे, पण खरं सांगतो, ते वाचून कुणाला स्वतःच्या घराबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही.

आपला भूकंपाचा नकाशा भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १८९३ या कोडमध्ये असतो. पहिला १९६२ चा, त्यात शून्य ते सहा असे सात झोन होते. दख्खनचं पठार तेव्हा भक्कम, न हलणारं समजलं जायचं. मग ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ चा धक्का बसला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि धरणाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो यावर जगभर चर्चा सुरू झाली. १९७० मध्ये नकाशा बदलला, शून्य झोन काढून टाकला आणि पाच झोन ठेवले. लातूर तेव्हाही सगळ्यात सुरक्षित, म्हणजे झोन एकमध्ये. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी. तीव्रता ६.२. २००२ च्या नकाशात झोन एकच रद्द झाला, दोन ते पाच एवढेच उरले, लातूर तीनमध्ये गेलं. मुंबई तीनमध्ये, कोयना चारमध्ये.

म्हणजे थोडक्यात आपला नकाशा भूकंपाच्या मागून धावत आलाय. यात नकाशा बनवणाऱ्यांना शिव्या घालायचं कारण नाही, पठारावर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात आणि आपल्याकडे यंत्रांची नोंद जेमतेम शंभरेक वर्षांची, पण 'आम्ही झोन दोनमध्ये आहोत' हे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी किल्लारीचा हा इतिहास एकदा वाचावा.

किल्लारीत ६.२ ला जवळपास दहा हजार माणसं का गेली? एवढ्याच भूकंपाला इतर देशांत कधीकधी दोन आकडी संख्याही होत नाही. कारण माळवदाची घरं. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, मधे मातीचा गारा, सिमेंट नाही, दगडांना एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नाहीत, आणि वर लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट मातीचा थर, उन्हाळ्यात गारवा म्हणून दर वर्षी त्यात भर. भिंत बाहेरच्या बाजूने उकलली की अख्खं माळवद खाली. आमच्या मराठवाड्यात ज्या घराला लोक भक्कम म्हणायचे तेच सगळ्यात आधी बसलं.

इथे धोक्याचा हिशोब तीन भागांत फुटतो. घटना किती मोठी आणि किती वेळा, तिच्या वाटेत कोण आणि काय, आणि ते किती कमकुवत. नकाशा फक्त पहिला भाग दाखवतो. तिन्ही एकत्र बघायचे असतील तर 'व्हल्नरेबिलिटी अॅटलास ऑफ इंडिया' म्हणून एक प्रकार आहे, बीएमटीपीसी या केंद्राच्या संस्थेने काढलेला, १९९७, २००६ आणि २०१९ अशा तीन आवृत्त्या. सरकारी कागद असूनही कामाचा आहे. प्रत्येक जिल्ह्याचा एक तक्ता, डावीकडे जनगणनेतून घेतलेले भिंतींचे प्रकार, माती-कच्ची वीट-दगड हा ए गट, भाजलेली वीट बी, काँक्रीट आणि लाकूड सी, बाकी पत्रा, बांबू, कुडाचं एक्समध्ये. प्रत्येकापुढे जिल्ह्यात अशी किती घरं. उजवीकडे रकाने, भूकंपाचा झोन, वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, पुराचं क्षेत्र. आणि चौकटींमध्ये धोका, व्हेरी हाय, हाय, मॉडरेट असा. वरून खाली बोट फिरवलं की दिसतं, एकाच झोनमध्ये ए गटाच्या घरापुढे जो धोका लिहिलाय तो विटेच्या घराला एक पायरी कमी आणि काँक्रीटला त्याहून एक पायरी कमी. जमीन तीच, झोन तोच.

याच्या उलट बाजूचं उदाहरण ओडिशा. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं, तेही भयंकर, मृत्यू पन्नासच्या आत. वादळं काही कमी झाली नाहीत, हवामान खात्याचा अंदाज सुधारला, निवारे बांधले आणि लाखो लोकांना आधीच हलवलं. म्हणजे वाटेत कोण आहे तोच आकडा कमी केला.

दरडींचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. २०१४ पासून त्यांनी देशातला दरडप्रवण साधारण ४.३ लाख चौरस किलोमीटर भाग एकास पन्नास हजार या प्रमाणात नकाशावर आणायला घेतला. उतार, खडक, माती, पाण्याचे ओहोळ, वरचा झाडझाडोरा, जुन्या दरडी असं सगळं एकावर एक ठेवून रंग ठरतो. त्या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, अख्खी वाडी त्यात एका ठिपक्यात मावते. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, दीडशेवर माणसं. जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. यादी करणाऱ्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मान्य, पण तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळे ती रेघ दगडावरची असल्यासारखी वागतात, रेघेबाहेरच्या गावात मग पाऊस मोजायचं यंत्रही बसवलं जात नाही आणि रात्री कुणी जागंही राहत नाही.

पुराकडे वळू. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग ज्याने रूढ केला त्याने लोकांचं फार नुकसान केलंय. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच. लुडोत आत्ताच सहा पडला म्हणून पुढच्या डावाला पडणार नाही असं थोडंच असतं! तीस वर्षांचं होम लोन काढलंत तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के निघते, म्हणजे चारातली एक. हे बँकेचा माणूस सांगत नाही, बिल्डर तर नाहीच नाही. सांगलीकरांना हे समजावायची गरज नाही, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, त्याआधी २००५, त्यानंतर लगेच २०२१. आणि हा शंभर वर्षांचा आकडासुद्धा जुन्या पावसावरून काढलेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो कुठल्या कोष्टकात बसवायचा?

आणि ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही ती वीज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ ला वीज पडून २,८८७ माणसं गेली. एका वर्षात. एका जागी दोघं-तिघं जातात, म्हणून बातमी आतल्या पानावर. यातले बहुतेक शेतात, झाडाखाली आडोशाला थांबलेले. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडत असेल तर आधी कळवतं, फुकट आहे. शेतावर जाणारं कुणी घरात असेल तर हा लेख अर्धवट सोडून ते आधी टाकून द्या त्यांच्या फोनमध्ये.

दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले की

रेडिएशन आणि नैसर्गिक आपत्ती एका लेखात का, याचं उत्तर काक्रापार. सुरतजवळचं हे अणुवीज केंद्र, जून १९९४ मध्ये जोरदार पाऊस झाला, शेजारच्या तलावाचं पाणी चढलं आणि टर्बाइनच्या इमारतीत शिरलं, पंप पाण्याखाली गेले. रेडिएशन बाहेर पडलं नाही. त्यानंतर २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी, कल्पाक्कमला समुद्राचं पाणी पंपहाऊसमध्ये आलं, चालू असलेलं युनिट बंद केलं, तिथेही काही बाहेर पडलं नाही. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात मात्र डिझाइन होतं पावणेसहा मीटरच्या लाटेचं आणि लाट आली चौदा-पंधरा मीटरची. भूकंपाने अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, त्या पडल्या नाहीत, पण खाली ठेवलेले डिझेल जनरेटर बुडाले, थंड करायला वीज राहिली नाही आणि पुढचं सगळं झालं.

म्हणून अशा जागेसाठी रेडिएशन किती असेल हा प्रश्न शेवटी पाणी किती चढेल आणि जनरेटर किती उंचीवर आहे इथे येऊन ठेपतो. जैतापूरच्या वादात दोन्ही बाजू झोन तीन की चार यावर वर्षानुवर्षं भांडतात. मला तो वाद अर्धाच वाटतो, कारण घराला लागणारा कोड आणि अणुभट्टीला लागणारा अभ्यास एक नसतो. भट्टीसाठी त्या जागेभोवतालच्या भेगा, जुने भूकंप, खालचा खडक सगळं वेगळं तपासून हजारो वर्षांत एकदा येईल अशा धक्क्याचा विचार करावा लागतो. विचारायचं ते हे की तो अभ्यास कुणी केला, कुणी तपासला आणि लोकांना वाचायला मिळेल का.

तुमच्या-आमच्यासारख्याला मात्र भट्टीपेक्षा पार्किंग महत्त्वाचं. २६ जानेवारी २००१ ला भूजला ७.७ चा भूकंप झाला आणि तिथून दोनशेवर किलोमीटर लांब अहमदाबादेत बऱ्याच नवीन काँक्रीटच्या बिल्डिंगा बसल्या. त्यातल्या कितीतरींना खाली नुसते खांब, भिंती नाहीत, गाड्या लावायला मोकळी जागा, आणि वर भिंतींनी भरलेले जड मजले. हादरा आला की वरचा भाग एका ठोकळ्यासारखा सरकतो आणि सगळा ताण त्या खालच्या खांबांवर. साबरमतीच्या गाळाच्या जमिनीने हादरे आणखी वाढवले. पुण्या-ठाण्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत उभ्या राहिलेल्या किती सोसायट्या अशाच खांबांवर आहेत ते बाहेर पडून बघितलं तरी दिसेल. आयएस १८९३ मध्ये अशा मोकळ्या मजल्याला वेगळे नियम आहेत, खांब जास्त ताकदीचे किंवा मधे शिअर वॉल, म्हणजे हादरा झेलणारी काँक्रीटची सलग भिंत. तुमच्या बिल्डिंगला ते लावलेत का हे स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, कुठल्या वर्षीचा कोड आणि कुठला झोन धरला तेही असतं. ड्रॉइंग सोसायटीकडे नसेल तर बिल्डरकडे किंवा महापालिकेत अर्ज करून मागता येतं, आणि जुन्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेताना इंजिनिअरला प्लास्टरच्या भेगा दाखवून झाल्या की पार्किंगमधल्या खांबांबद्दल वेगळं विचारा.